खोकला : त्यास आराम कसा द्यावा व त्याची चौकशी केव्हां करावी

पावसाळा सरून सुगीचे दिवस आले, पहांटे धुकें पडूं लागलें, म्हणजे गांवोगांवीं घराघरांतून खोकल्याचा आवाज ऐकूं येऊं लागतो. उपासनेच्या वेळीं मंडळी शांत बसली असतां मागच्या रांगेंतील एखादा म्हातारा खोकूं लागतो, त्याच्या पाठोपाठ एखादें मूल, आणि थोड्याच वेळांत उपदेशकाचें बोलणें कोणास नीट ऐकूं येईनासें होतें. ही गोष्ट इतकी रोजची आहे कीं, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. "खोकलाच तो, जाईल आपोआप," असें आपण म्हणतों; आणि पुष्कळदां तो खरोखरच आपोआप जातो. परंतु जो जात नाहीं त्याचें काय करावें? आणि जो जाणार आहे, तो जाईपर्यंत रोग्यास चैन कसें पडावें? या दोन प्रश्नांचीं उत्तरें आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस सोप्या रीतीनें द्यावीं, एवढाच या पाठाचा हेतु आहे.

१. खोकला म्हणजे काय

खोकला हा स्वतः रोग नव्हे. तो शरीराचा जागल्या आहे. आपल्या श्वासनलिकेच्या आंतल्या बाजूस केसांहून बारीक असे तंतू असतात. श्वासाबरोबर आंत गेलेली धूळ, धूर व जंतू चिकट कफांत अडकतात, आणि हे तंतू तो कफ हळूहळू वर ढकलीत असतात. तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे खोकला येतो. प्रथम आपण खोल श्वास घेतों. मग कंठांतील दार क्षणभर मिटतें. छातीचे व पोटाचे स्नायू आंतील हवेवर दाब आणितात. आणि दार एकदम उघडून ती हवा मोठ्या वेगानें बाहेर पडते व कफास आपणाबरोबर घेऊन येते. ज्यास जोरानें खोकतां येत नाहीं, त्याची छाती कफानें भरून येते. अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या माणसास न्युमोनियाची भीति असते, ती पुष्कळ अंशीं यामुळेंच.

रात्रीं जागल्या ओरडूं लागला, तर आपण त्याचें तोंड बांधीत नाहीं; कंदील घेऊन बाहेर येतों व चोर कोठें आहे तें पाहतों. चोर नसून मांजर असेल, तर पुन्हां निजतों. खोकल्याच्या बाबतींतही असेंच वागावें. त्याचा त्रास कमी करावा हें खरें, पण तो कशासाठीं ओरडत आहे तें पाहिल्याशिवाय निजूं नये.

२. साधा खोकला व त्याची मुदत

पडशाबरोबर येणारा खोकला हा बहुधा अतिसूक्ष्म विषाणूंपासून होतो. त्यावर जंतुनाशक गोळ्या, म्हणजे ज्यांस लोक "अँटिबायोटिक" म्हणतात त्या, कांहीं उपयोगाच्या नाहींत; कारण त्या गोळ्यांनीं विषाणू मरत नाहींत. उलट, कारण नसतां त्या वारंवार घेतल्यानें इतर जंतू त्यांस न जुमानण्याइतके बळावतात, व खऱ्या गरजेच्या वेळीं औषध लागू पडेनासें होतें. कफ पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे या गोळ्या घेतल्याच पाहिजेत, ही समजूतही बरोबर नाहीं. साध्या पडशांतही कफाचा रंग असा पालटतो.

असा खोकला किती दिवस टिकतो? चार-पांच दिवसांत जावा असें सर्वांस वाटतें. पण तो सरासरीनें अडीच आठवडे राहतो, असें पुष्कळ रोग्यांच्या नोंदींवरून दिसून आलें आहे. म्हणून आठव्या दिवशीं खोकला गेला नाहीं म्हणून एका दवाखान्यांतून दुसऱ्या दवाखान्यांत धांवणें, व प्रत्येक ठिकाणीं सुई टोंचून घेणें, यांत पैशाचा नाश होतो, दुसरें कांहीं होत नाहीं.

३. घरच्या घरीं आराम कसा द्यावा

पहिली गोष्ट ही कीं, रोग्यास गरम पातळ पदार्थ वारंवार द्यावे. कोमट पाणी, पेज, डाळीचें कढण, गवती चहा, आल्याचा किंवा तुळशीच्या पानांचा काढा, यांपैकीं जें घरांत असेल तें चालेल. त्यांनीं घशाची कोरड जाते व कफ सैल होऊन सुटतो. लहान मूल अंगावर पीत असेल, तर त्याच्या आईनें दूध पाजणें थांबवूं नये. उलट अधिक वेळां पाजावें.

दुसरी गोष्ट मध. एक वर्षावरील मुलास निजतेवेळीं अर्धा ते एक लहान चमचा मध चाटविला, तर रात्रीचा खोकला कमी होतो व मूल झोंप घेतें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २००१ सालीं मुलांच्या खोकल्याविषयींच्या आपल्या पुस्तिकेंत मधासारख्या साध्या घरगुती उपायांस मान्यता दिली आहे. मात्र एक वर्षाच्या आंतील बालकास मधाचें बोटही लावूं नये. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. तीं मोठ्यांच्या पोटांत निरुपद्रवी ठरतात, पण तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करितात, व त्या विषानें बाळाचें अंग लुळें पडतें. नवजात बाळास मध चाटविण्याची जी चाल कित्येक घरांत आहे, ती या कारणास्तव सोडून दिली पाहिजे. मधुमेह असलेल्या मोठ्या माणसानेंही मध बेतानेंच घ्यावा.

तिसरी गोष्ट, मोठ्या माणसांनीं व जाणत्या मुलांनीं कोमट पाण्यांत मीठ घालून गुळण्या कराव्या. घसा खवखवत असल्यास ज्येष्ठमधाची काडी चघळल्यानें बरें वाटतें. पण ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनीं ती रोज चघळूं नये, कारण तिनें रक्तदाब वाढतो. अडुळसा आपल्या आजीबाईंच्या ओळखीचाच आहे. त्याच्या पानांतील वासिसीन नांवाच्या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सीन हें औषध पुढें रसायनशाळेंत रचलें गेलें. तथापि गरोदर स्त्रियांनीं अडुळसा घेऊं नये.

चौथी गोष्ट वाफ. वाफेनें नाक मोकळें वाटतें, परंतु तिनें खोकल्याचे दिवस कमी होत नाहींत. आणि उकळत्या पाण्याचें भांडें कलंडून मुलें भाजतात. म्हणून लहान मुलांस वाफ देऊंच नये. मोठ्यांनीं घ्यावयाची असल्यास भांडें जमिनीवर घट्ट बसवून घ्यावी. निजतांना उशाखालीं एखादी जादा घोंगडी घडी करून ठेविली व डोकें आणि छाती किंचित उंच केली, तर रात्रीची उबळ कमी होते.

आतां ज्या गोष्टी कधींही करूं नयेत त्या सांगतों. बाळाच्या नाकांत तेल सोडूं नये. तें फुप्फुसांत उतरून न्युमोनिया होतो. दोन वर्षांखालील मुलाच्या नाकाशीं कापूर किंवा कापराचें मलम लावूं नये. मुलाच्या पोटावर किंवा छातीवर तापलेल्या सळईनें डागूं नये. त्यानें रोग जात नाहीं, जखम मात्र होते, व दवाखान्यांत नेण्याचे मोलाचे तास वायां जातात.

४. बाटलींतील औषधाविषयीं इशारा

खोकला आला कीं दुकानांतून गोड औषधाची बाटली आणावी, हा परिपाठ आतां लहान गांवांतही पडला आहे. याविषयीं आम्हांस कळकळीनें सांगावयाचें आहे. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डायएथिलीन ग्लायकॉल या विषानें दूषित झालेलें ग्लिसरीन पोटांत जाऊन १४ रोगी दगावले. तेंच विष २०२५ सालीं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मध्यप्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या एका पातळ औषधांत निघालें. तें घेतलेल्या वीसाहून अधिक बालकांचीं मूत्रपिंडें बंद पडून त्यांचा अंत झाला. त्यांपैकीं कित्येकांस उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणिलें होतें. त्या आईबापांनीं निष्काळजीपणा केला नव्हता. साध्या सर्दीखोकल्यावर त्यांनीं विश्वासानें औषध पाजलें होतें, आणि त्या दुखण्यास त्या औषधाची गरजच नव्हती.

यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें बजाविलें कीं, दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याचीं व सर्दीचीं औषधें देऊं नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलांसही तीं सामान्यतः योग्य नाहींत. आमच्या वाचकांनीं हा नियम आपल्या घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. मोठ्यांसाठीं आणिलेली बाटली मुलास "थोडीशी" पाजणें, शेजाऱ्याकडची उरलेली बाटली मागून आणणें, हें सर्वथा वर्ज्य करावें.

५. मुलाचा खोकला धोक्याचा केव्हां

सर्दीखोकल्याच्या शंभर मुलांत बहुतेक बरींच होतात. पण न्युमोनिया झालेलें एखादें मूल त्यांत लपलेलें असतें, व तें ओळखण्यास यंत्र लागत नाहीं, घड्याळ पुरें होतें. मूल शांत असतां त्याच्या अंगावरील कपडा वर करून पोटाची हालचाल पाहावी, व पूर्ण एक मिनिटभर श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आंतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक वर्षापासून पांच वर्षांच्या आंतील मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो न्युमोनिया समजून त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत न्यावें. श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, ओठ निळे पडले असतील, मूल अंगावर पीत नसेल, सुस्त पडलें असेल, किंवा त्यास झटके आले असतील, तर सकाळची वाट पाहूं नये. १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

खेळतां खेळतां किंवा खातां खातां मुलास एकाएकीं ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा, फुटाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेंत गेला असावा अशी शंका घ्यावी. मूल जोरानें खोकत आहे तोंवर त्यास खोकूं द्यावें. घशांत बोट घालूं नये. नंतर तें शांत झालें तरी डॉक्टरांस दाखविलेंच पाहिजे, कारण दाणा आंत राहून पुढें फुप्फुस बिघडवितो.

डांग्या खोकला हा वेगळाच. त्यांत उबळीवर उबळ येऊन मूल लाल-काळें होतें, शेवटीं लांब आवाजानें श्वास ओढतें, व पुष्कळदां ओकतें. अगदीं तान्ह्या बाळास तर उबळ न येतां श्वासच थांबतो. यावरील लस ६, १० व १४ आठवड्यांचें बाळ असतां, पुढें १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, आणि पुन्हां ५ ते ६ वर्षांच्या वयांत सरकारी केंद्रांत फुकट मिळते. अंगणवाडींतील लसीच्या दिवशीं सुईनें मूल रडतें म्हणून घरीं बसणाऱ्या आयांनीं डांग्या खोकल्याची ही उबळ आठवावी.

६. दोन आठवड्यांचा नियम

आतां आम्ही या पाठाच्या मुख्य गोष्टीकडे येतों. कोणाचाही खोकला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकला, तर त्याचा बेडका तपासून घ्यावा. साधा खोकलाही इतके दिवस टिकतो असें आम्हीं वर लिहिलें आहे. तेव्हां कोणी विचारील कीं, मग ही तपासणी कशाला? याचें उत्तर असें कीं, तपासणी केलेल्या पुष्कळांत कांहींच निघणार नाहीं, व तसें झाल्यास आनंदच आहे. परंतु ज्या थोड्यांत क्षयरोग निघेल, त्यांचा जीव व त्यांच्या घरांतील लेंकरांचा जीव त्या एका डबींतील बेडक्यावर अवलंबून असतो. खोकल्याबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीं घाम, वजन घटणें, अन्नावरील वासना जाणें, किंवा थुंकींतून रक्त पडणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें, तर दोन आठवडेही थांबूं नये.

तपासणी अवघड नाहीं. चूळ भरून तोंड स्वच्छ करावें, खोल श्वास घेऊन छातींतून खोकावें, व आलेला कफ डबींत टाकावा. नुसती लाळ उपयोगाची नाहीं. सकाळीं उठल्याबरोबर निघालेला बेडका सर्वांत चांगला. गोव्याच्या एका कंपनीचें "ट्रूनॅट" नांवाचें यंत्र बॅटरीवरही चालतें, व त्यावर क्षयाचे जंतू आहेत कीं नाहींत हें सुमारें तासाभरांत कळतें. सरकारी केंद्रांत ही तपासणी व पुढील सर्व औषध फुकट आहे.

क्षय हा शाप नव्हे, पूर्वजन्मीचें पाप नव्हे, आणि घराण्याचा कलंकही नव्हे. तो एका जंतूपासून होतो, असें रॉबर्ट कॉक या डॉक्टरानें बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं दाखवून दिलें. त्या काळीं त्यावर औषध नव्हतें. मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न एवढाच उपाय; म्हणून मिरजेजवळच्या वान्लेसवाडीसारखीं आरोग्यभुवनें निघालीं. पुढें १९४० नंतरच्या दशकांत स्ट्रेप्टोमायसीन व १९५२ सालीं आयसोनियाझिड हीं औषधें हातीं आलीं. १९५६ सालीं मद्रास येथें निघालेल्या केंद्रानें गरीब वस्तींतील रोग्यांवर प्रयोग करून १९५९ सालीं असें दाखविलें कीं, औषध नेमानें घेतल्यास दाटीच्या घरांत राहणारा रोगीही आरोग्यभुवनांतील रोग्याइतकाच बरा होतो. आणि घरीं उपचार घेतल्यानें घरच्या माणसांस अधिक लागण होत नाहीं. हा शोध आपल्याच देशांत लागला, आणि त्यानें साऱ्या जगांतील रोग्यांस घरीं राहून बरें होण्याचा मार्ग मोकळा केला.

आज साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. येथेंच खरी कसोटी आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतें, माणूस पुन्हां शेतावर जाऊं लागतो, आणि मग गोळ्या थांबवितो. हें करूं नये. मेलेले जंतू दुबळे होते ते; जे उरले ते चिवट. औषध अर्ध्यावर टाकलें, तर तेच वाढतात व नेहमींच्या गोळ्यांस दाद देत नाहींत. गोळ्यांनीं लघवी तांबूस-नारिंगी होते, तिला भिऊं नये. मात्र डोळे पिवळे दिसूं लागले, दृष्टि मंद झाली, किंवा सारख्या ओकाऱ्या होऊं लागल्या, तर ताबडतोब केंद्रांत जाऊन सांगावें.

रोग्याचें ताट-वाटी वेगळी करण्याचें कारण नाहीं. हा रोग भांड्यांतून पसरत नाहीं, खोकल्याबरोबर हवेंत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो. म्हणून खोकतांना तोंडावर फडकें धरावें, घराचीं दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या, व इकडेतिकडे थुंकूं नये. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेकांपासून इतरांस होणारा धोका थोड्याच आठवड्यांत फार कमी होतो. घरांतील सर्व माणसांची, विशेषतः पांच वर्षांखालील मुलांची तपासणी करावी. रोग होऊं नये म्हणूनही त्यांस औषध मिळतें. रोग्यानें अंडीं, डाळ, शेंगदाणे, दूध, भाजी, जें परवडेल तें पोटभर खावें. यासाठीं सरकार एप्रिल २०१८ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. ती रोग्याच्या बँकेच्या खात्यांत जमा होते.

७. बेडक्यांत कांहीं न निघाल्यास

तपासणींत क्षय निघाला नाहीं आणि खोकलाही गेला नाहीं, तर इतर कारणें शोधावीं. बिडी व सिगारेट हें पहिलें. "बिडी ओढली कीं कफ सुटतो," असें म्हणणारे बंधू पुष्कळ आहेत. पण कफ सांठविणारीही तीच असते. दुसरें कारण चुलीचा धूर. ज्या स्त्रियांनीं कधीं बिडीस हात लाविला नाहीं, त्यांचीं फुप्फुसें सरपण-गोंवऱ्यांच्या धुरानें बिडी ओढणाऱ्यांप्रमाणें खराब होतात. गॅस परवडत नसेल, तर निदान चूल मोकळ्या हवेंत मांडावी, छपरास धुराडें करावें, व स्वयंपाकाच्या वेळीं तान्हें मूल चुलीपासून दूर ठेवावें. तिसरें कारण दमा. रात्रीं किंवा पहांटे खोकला, छातींत शीळ वाजल्यासारखा आवाज, धुळीनें व थंड हवेनें त्रास वाढणें, हीं त्याचीं चिन्हें. दम्यावर नाकातोंडानें ओढावयाचें औषध उत्तम असून त्याची "संवय लागते" ही भीति खोटी आहे. चौथें, जेवून लगेच आडवें झाल्यानें आंबट पाणी घशाशीं येऊन खोकला लागतो. अशांनीं निजण्यापूर्वीं दोन-तीन तास आधीं जेवावें. पांचवें, रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनींही कोरडी ढास लागते. तसें वाटल्यास गोळी आपण होऊन बंद करूं नये. डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

८. उपदेशक बंधूंस विनंति

घरोघर जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व भगिनींस गांवांतील खोकला जितका ऐकूं येतो, तितका तो डॉक्टरांसही येत नाहीं. पुष्कळ घरांत लग्नाची मुलगी खोकत असते, आणि "बोभाटा झाला तर स्थळ येणार नाहीं" या धास्तीनें आई तिला आंतल्या खोलींत काढे पाजीत बसते. सासरीं नव्यानें आलेली सून पदरांत तोंड खुपसून खोकते. मजुरीवर पोट असलेला बाप दवाखान्यास दिवस मोडवत नाहीं म्हणून आज-उद्यां करितो. अशा घरीं नुसता उपदेश करून येऊं नये. "खोकला किती दिवस आहे?" एवढा एक प्रश्न विचारावा. उत्तर दोन आठवड्यांहून अधिक आलें, तर आशाताईस कळवावें, किंवा आपणच त्या माणसाबरोबर केंद्रापर्यंत चालत जावें. बाहेर येऊन त्याची चर्चा मात्र चौघांत करूं नये. कारण ज्याचें गुपित एकदां फुटलें, तो पुन्हां दार उघडीत नाहीं.

उजळणीसाठीं प्रश्न

१. खोकल्यास शरीराचा जागल्या कां म्हटलें आहे?
२. एक वर्षाच्या आंतील बाळास मध कां देऊं नये?
३. तीन वर्षांच्या मुलाचे एका मिनिटांत ४४ श्वास भरले, तर तुम्ही काय कराल?
४. खोकला किती दिवस टिकल्यास बेडका तपासावा? त्याची डबी कोणत्या वेळीं व कशी भरावी?
५. दोन महिन्यांत बरें वाटूं लागलेल्या क्षयरोग्यास गोळ्या चालू ठेवण्याविषयीं तुम्ही कोणत्या शब्दांत समजवाल?
६. तुमच्या वस्तींत सध्यां कोण बरेच दिवस खोकत आहे? त्याच्याकडे तुम्ही केव्हां जाणार?